तुम्ही म्हणाल तसं

"दुखतंय का ग, सुवर्णा?" दारात उभ्या असलेल्या मगदूमबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई," खाटेवर आडवी पडलेली सुवर्णा म्हणाली.

माझा हात तिच्या पोटावर होता. उजवीकडं, खालच्या बाजूला. बोटं हळूच आत दाबली तेव्हा ती गप्प राहिली. हात पटकन उचलला तेव्हा मात्र तिच्या पायांचे अंगठे आत वळले. चेहरा तिनं बाईंकडं फिरवलेला होता आणि तो हसरा होता. सहावीतली पोर, पण दुखणं गिळून असं हसणारं माणूस मी सर्जिकल वॉर्डातसुद्धा फार पाहिलं नव्हतं.

"बघा," बाई मला म्हणाल्या, "तिचं तीच सांगतेय."

"बाई, आत्ता तुम्ही यायच्या आधी हीच पोरगी कळवळत होती. रात्री बेंबीपाशी दुखत होतं, सकाळपासून इकडं सरकलंय, असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला. अंगात कणकणही आहे. मला लक्षणं अपेंडिक्सची वाटतात. हिला आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

सुवर्णानं माझ्याकडं पाहिलं. एकट्यात सांगितलेली गोष्ट आपण चारचौघांत बोललो की समोरचं माणूस पाहतं ना, तसं. मग ती उठून बसली, फ्रॉक नीट केला आणि म्हणाली, "मी तसं म्हटलं न्हाई."

"माझी पोरं माझ्याशी खोटं बोलत नाहीत, सिस्टर," मगदूमबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता त्यांनी. त्या कधीच चढवत नसत आणि मला तेच जास्त झोंबायचं.

शाळा साखर कारखान्याच्या कॉलनीतली. हंगाम सुरू झाला की मळीचा वास वर्गावर्गांत भरून राहायचा आणि पाळीचा भोंगा शाळेच्या घंटेपेक्षा जास्त पाळला जायचा. शहरातल्या मोठ्या शाळांत नर्स असते, असं कारखान्याच्या अध्यक्षांना कुणीतरी सांगितलं, म्हणून आमच्या शाळेतही एक नर्स आली. ती मी, एस्तेर साळवी. त्याआधी मी मिशनच्या इस्पितळात होते. तिथं डॉक्टर राउंडला आले की आधी मला विचारायचे, "सिस्टर, काय वाटतं?" इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात पी.टी.च्या सरांनी मला मुरगळलेल्या पायाला काय लावायचं ते शिकवलं. गणिताच्या सरांनी गोवर आणि घामोळं यांतला फरक समजावून दिला. शिपाईमामा तेवढे काही शिकवत नसत, पण मी पट्टी बांधायला घेतली की बाजूला उभं राहून मान हलवायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. निदान तसं दाखवत होते. घरी गेल्यावर भांडी जोरात आपटायचे, ती गोष्ट वेगळी.

मगदूमबाईंचं मात्र मला हसण्यावारी नेता यायचं नाही, कारण त्यांचं बऱ्याच वेळा बरोबर निघायचं. एखादा पोरगा डोकं धरून माझ्या खोलीत कण्हत बसलेला असायचा, मी त्याला झोपवून कपाळावर ओला रुमाल ठेवलेला असायचा, आणि बाई दारात येऊन म्हणायच्या, "कवितेचं पाठांतर झालं वर्गात. आता ऊठ, तुला उद्या विचारीन." पोरगा रुमाल बाजूला ठेवून मुकाट चालू लागायचा. "सिस्टर, तुमची ती लिमलेटच्या गोळ्यांची बरणी कपाटात ठेवा," त्या जाता जाता मला ऐकवायच्या. "निम्मी शाळा आजारी पडते तिच्यापायी."

आणि एकदा उलटंही झालं होतं. मी एका पोरीला तपासून वर्गात परत पाठवलं, तर बाई तिला हाताला धरून पुन्हा घेऊन आल्या. "हिला परत बघा. सकाळपासून एकदा हसली नाही ही." मी वैतागून परत पाहिलं, तर कान आतून लालभडक झालेला. पोरीनं मला कानाचं काही सांगितलंच नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी बाई काही बोलल्या नाहीत, आणि मीही आभार मानले नाहीत.

बाई पोरांना अशा ओळखायच्या त्याचं कारण त्यांची हजेरी. बाकीचे शिक्षक मान खाली घालून आकडे वाचायचे आणि पोरं 'हजर' म्हणायची. मगदूमबाई नाव घ्यायच्या, मान वर करायच्या, आणि प्रत्येकाला काहीतरी एक विचारायच्या. "सुरज, म्हैस व्याली का रे?" "कविता, आजी परत आली गावाहून?" "आज केस कुणी विंचरले ग तुझे, बापानं?" वर्ग हसायचा. सकाळी एकदा आणि डब्याच्या सुट्टीनंतर एकदा, असं दोनदा हे चालायचं. पी.टी.चे सर म्हणायचे, बाईंचा पहिला तास नुसता हजेरीत जातो. जात असेलही. पण त्या वर्गातली पोरं आपलं नाव येण्याची वाट बघत बसायची, हे मी दारातून जाता-येता पाहिलेलं आहे.

त्यात शाळेनं हजेरीची ढाल काढली होती. महिन्यात ज्या वर्गाची हजेरी सगळ्यात जास्त, त्याला ती लाकडी ढाल मिळायची. वर्षात ज्यांच्याकडं ती जास्त वेळा राहील त्या वर्गाचा बाईंसकट फोटो काढून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावायचे. मगदूमबाईंच्या सहावी ब ला त्या वर्षी ढाल सोडवतच नव्हती. त्या वर्गातलं एक पोरगं प्लास्टर घातलेला पाय घेऊन भावाच्या सायकलवरून येत होतं. दुसरं अंगात ताप असताना मफलर गुंडाळून बसलेलं मी पकडलं होतं. बाईंनी कुणाला 'याच' असं कधी सांगितलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं नक्की सांगेन. पोरांनाच बाईंबरोबर फोटोत उभं राहायचं होतं.

आता त्या दिवशीचं सांगते.

सुवर्णा लोहार कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या फिटरची मुलगी. अंगानं काटकुळी, बोलायला चुरचुरीत. सकाळच्या प्रार्थनेनंतर मी बाटल्या भरून घ्यायला नळापाशी गेले, तर ही नळाच्या कठड्याला धरून वाकून उभी होती. मी तिला खोलीत आणलं, झोपवलं. एकटी होती तोवर तिनं सगळं सांगितलं. रात्री उलटी झाली, आईला कळू दिलं नाही. सकाळी भाकरी कुत्र्याला घातली. "पर बाईस्नी सांगू नगा," ती म्हणाली. "मला घरला धाडतील."

मी बाईंना बोलावणं पाठवलं, कारण शाळेचा नियम तसा होता. मुलाला बाहेर न्यायचं तर चिठ्ठीवर माझी सही, खाली वर्गशिक्षकाची, आणि त्याखाली मुख्याध्यापकांची. तीन सह्यांशिवाय शिपाईमामा फाटक उघडायचे नाहीत.

बाई आल्या. पुढं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

"सुवर्णा, खरं सांग हं," बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "गरम आहे थोडं. पण पोट दुखत असेल तर सांग. मी रागावणार नाही."

"खरंच न्हाई बाई. सकाळी जरा कळ आलती. आता गेली."

"सिस्टर, ही सांगतेय."

"ती तुम्हाला सांगतेय," मी म्हटलं. "पोट मला वेगळं सांगतंय."

"दुपारची हजेरी होऊ दे. तोवर मी लक्ष ठेवते. जास्त झालं तर मीच घेऊन येते तुमच्याकडं. मला काय ती जड झालीय का?"

"हजेरीसाठी थांबायचं?"

बाईंचा चेहरा उतरला. "हजेरीसाठी नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात तुम्ही त्या शेवाळेच्या पोराला अपेंडिक्स म्हणून धाडलं होतं. बापाची एक पाळी बुडाली, दवाखान्यात दिवस गेला आणि निघाला काय, गॅस. त्याच्या बापानं मला घरी येऊन ऐकवलं. तुम्हाला नाही ऐकवलं. हिचा बाप तर हंगामात रजा मागायलाही घाबरतो."

यातलं अक्षर खोटं नव्हतं. मी तेव्हा चुकले होते, आणि पोटाच्या बाबतीत नर्सनं चुकायचंच असेल तर दवाखान्यात धाडूनच चुकावं, हेही मला माहीत होतं. पण ते त्यांना पटवून देता येईल असे शब्द माझ्याकडं नव्हते. मी नुसतं म्हटलं, "बाई, हे तसं नाही."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता."

मी उगारे सरांकडं गेले. उगारे सर आमचे मुख्याध्यापक, भला माणूस, पण कुठल्याही कागदावर शेवटची सही करायची सवय लागलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मगदूमबाईंचं काय म्हणणं आहे?"

"त्या दुपारपर्यंत थांबा म्हणतात."

"मग थांबू या की. त्या पोरांना ओळखतात."

"सर, मी पोटं ओळखते."

ते हसले. मला विनोद करायचा नव्हता. "सिस्टर, तुमच्याबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले, आणि मी समजले की आता काही होणार नाही. निदान तिला काही खाऊ-पिऊ घालू नका, एवढं मी बाईंना बजावलं. त्यांनी मान डोलावली.

डब्याच्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं, तर कडुलिंबाच्या पारावर बाई सुवर्णाला आपल्या डब्यातला दहीभात भरवत होत्या. सुवर्णा घास घेत होती. न गिळता तोंडात धरून ठेवत होती आणि बाईंची नजर वळली की मागं थुंकत होती. मी बाहेर धावले. "बाई, मी काय सांगितलं होतं?"

"अहो, उपाशी पोटी कळ येणारच. दोन घास पोटात गेले की बरं वाटेल." त्यांच्या हातात घास तसाच होता. इतक्या प्रेमानं धरलेला घास मला ओढून घ्यायचा होता, आणि मी तो घेतलाही. भात मातीत पडला. बाईंनी डब्याचं झाकण लावलं. सुवर्णा उठून त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. माझ्यापासून लपायला.

दुपारची हजेरी झाली. मला माझ्या खोलीत बसून वर्गाचं हसणं ऐकू आलं. त्यानंतर थोड्याच वेळात बाई सुवर्णाला घेऊन माझ्या दारात आल्या. दोघींचे चेहरे खुललेले होते.

"सिस्टर, हिला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"थांबलं बगा," सुवर्णा म्हणाली. "आता खोटं न्हाई. मगाशी लई दुखत व्हतं, आन एकदम थांबलं."

"एकदम?"

"व्हय. असं, कुणीतरी बटन बंद केल्यागत."

"म्हणजे मगाशी दुखत होतं तुला," बाई तिच्याकडं बघत म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण ते तिथंच अडकून राहिलं होतं.

वॉर्डात मी हे 'एकदम थांबणं' पाहिलेलं होतं. अपेंडिक्सची ताणलेली पिशवी फुटली की दुखणं थांबतं, माणूस सुटकेचा श्वास टाकतो, घरचे देवाचे आभार मानतात. आणि आतल्या आत पू सगळ्या पोटात पसरत असतो. मी सुवर्णाला उचललं. ती 'मला चालता येतंय की' म्हणत होती. मी कुणाची सही मागितली नाही. फाटकाशी शिपाईमामा उठून उभे राहिले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि फाटक उघडलं. बाहेर कारखान्याच्या शेती खात्याची जीप उभी होती. ड्रायव्हरला मी म्हटलं, "मिरजेला चल." तो म्हणाला, "साहेबांना विचारायला पायजे." तोवर मगदूमबाई मागून येऊन जीपमध्ये बसल्याही होत्या. "चल," त्या म्हणाल्या. "साहेबांना मी सांगीन." त्यांची एक चप्पल वर्गातच राहिली होती.

रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, हलायचं नाव नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. सुवर्णाचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेत ती बोलायची थांबली. तिच्या ओठांभोवती पांढरं पडलं, श्वास उथळ झाला. मी पोटाला हात लावला तर ते फळीसारखं लागलं.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. "पाय दुमडून धरा तिचे," मी सांगितलं. त्यांनी धरले. "आणि बोलत राहा तिच्याशी."

बाई बोलायला लागल्या. काय बोलावं सुचेना तेव्हा त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. तिथंच, जीपमध्ये, सहावी ब ची. एकेक नाव, आणि प्रत्येकाला एक प्रश्न. सुवर्णाचं नाव आलं की त्या थांबायच्या, ती 'हं' करायची, आणि मग त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

पोरगी वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारे इथं श्वास धरून बसतात. पोट उघडून धुवावं लागलं, नंतर आत गाठ धरली म्हणून दुसऱ्यांदा उघडावं लागलं. सर्जन मला बाहेर म्हणाले, "सकाळी आणली असती तर लहानसं काम होतं, सिस्टर." बाई तिथंच भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

पुष्कळ दिवस सुवर्णा तिथं होती. तिचा बाप पाळी संपवून यायचा आणि खाटेखाली झोपायचा. त्यानं कुणाला एका शब्दानंही बोल लावला नाही. मी रविवारी चर्च झालं की जायचे. एका रविवारी मगदूमबाई मोसंबी घेऊन आल्या होत्या. सुवर्णा उशीला टेकून बसली होती, डोळे मोठे झालेले, हात काटक्यांसारखे.

"बाई," तिनं विचारलं, "त्या दिशी माझी दुपारची हजेरी लागली न्हवं?"

बाई मोसंबी सोलत होत्या. "लागली," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, सिस्टरनी नेलं म्हणून खोडली आसंल. मी लई धरून ठेवलं व्हतं तवर." ती माझ्याकडं बघून थोडी ओशाळली. "नंतर मग माझ्यामुळं ढाल गेली न्हवं?"

"ढाल गेली नाही," बाई म्हणाल्या. "ती आता कुणालाच द्यायची नाही असं ठरलंय."

"का?"

मोसंब्याच्या सगळ्या फोडी सोलून, बिया काढून, ताटलीत मांडून बाई उठल्या. मी त्यांच्यामागून बाहेर गेले. व्हरांड्यात बाकावर त्या बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. मी शेजारी बसले. मी बरोबर होते हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि ते आमच्या मधे एखाद्या आगंतुक पाहुण्यासारखं बसलेलं होतं.

"ती माझ्याशी खोटं बोलली, सिस्टर," बाई म्हणाल्या.

"घाबरून नाही बोलली, बाई."

"तेच तर. घाबरली असती तर मला कळलं असतं हो. घाबरलेलं पोर मी लांबून ओळखते." त्यांनी डोळे पुसले. "मायेपोटी बोललेलं मला ओळखता आलं नाही."

"कुणालाच नसतं आलं."

"तुम्हाला आलं की."

"मला पोट कळलं. ती खोटं का बोलतेय ते नव्हतं कळलं."

त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, पण ते त्यांच्या आत गेलं नाही. एवढं मला तेव्हाच दिसलं.

शाळा पुन्हा सुरळीत चालू झाली. ढाल ऑफिसच्या कपाटावर पालथी पडून राहिली. तीन सह्यांचा नियम गेला, नुसती माझी सही पुरायला लागली. आणि माझ्या शब्दाला एकदम वजन आलं. पी.टी.चे सर मुरगळलेला पाय घेऊन यायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही म्हणाल तसं." गणिताचे सर म्हणायचे, "तुम्ही म्हणाल तसं." उगारे सर तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणायचे. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला बरं वाटलं. घरी भांडी आपटणं थांबलं.

पण मगदूमबाई काही माझ्याशी भांडायला आल्या नाहीत. त्यांच्या वर्गातून पोरांची रांग यायला लागली. शिंक आली, पाठव. काटा मोडला, पाठव. डोळ्यात कचरा गेला, पाठव. चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात पोराचं नाव, बाकी काही नाही. पूर्वी त्या स्वतः यायच्या आणि माझ्याशी वाद घालता घालता मला पोराची सगळी कुंडली सांगून जायच्या. याचा बाप पितो, हिला नवीन भाऊ झालाय, याला गणिताची धास्ती आहे. आता पोरं यायची, पण त्यांच्याबरोबर काहीच यायचं नाही. मला नाडी कळायची, ताप कळायचा, आणि पोर कळायचं नाही.

एक दिवस मी त्यांच्या वर्गावरून जात होते. हजेरी चालली होती. बाई नाव घेत होत्या, मान वर करत होत्या, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या. "बरं वाटतंय ना? कुठं दुखत नाही ना?" पोरं म्हणत होती, "नाही बाई." पुढचं नाव. "बरं वाटतंय ना?" कुणी हसत नव्हतं. मागच्या बाकावरचं एक पोरगं आपलं नाव यायच्या आधीच 'नाही बाई' म्हणून बसलं. मी तिथं फार वेळ थांबू शकले नाही.

मला सुवर्णाचं वाईट वाटत नाही. ती पुढच्या वर्षी सातवीत आली, पोटावर मोठा व्रण घेऊन, आणि तो व्रण पोरींना दाखवायचे ती चिंचा घ्यायची. मला वाईट वाटतं ते मगदूमबाईंचं. इतक्या वर्षांनीही वाटतं. मला त्यांनी माझं ऐकायला हवं होतं, एकदा, त्या सकाळी. त्यांनी कायमचं ऐकावं असं मला नको होतं.

माझ्या निरोप समारंभात नवीन मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "साळवी सिस्टरांचा शब्द या शाळेत कधी कुणी मोडला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत मगदूमबाई बसल्या होत्या, केस पांढरे झालेले. त्यांनीही वाजवल्या. हार गळ्यात घेऊन मी उभी होते आणि मला अवधूत आठवत होता.

अवधूत मगदूमबाईंच्याच वर्गातला, सुवर्णानंतर वर्षाभरानं आलेला. सहामाही परीक्षेचा दिवस होता, गणिताचा पेपर. हा पोट धरून माझ्याकडं आला. मी तपासलं. पोट लोण्यासारखं मऊ, जीभ स्वच्छ, आणि डोळा माझ्या लिमलेटच्या बरणीवर. ढोंग इतकं उघड होतं की मला हसू आलं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात आलं, की हीच संधी आहे. मी शिपाईमामांना बाईंना बोलवायला पाठवलं.

बाई आल्या. दारात उभ्या राहिल्या, पूर्वी राहायच्या तशाच.

"बाई," मी तोंड गंभीर करून म्हटलं, "याचं पोट दुखतंय म्हणे. पेपर बुडवून इथंच झोपवावं म्हणते."

बाईंनी अवधूतकडं पाहिलं. त्यानं कण्हून दाखवलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. त्यांना कळलं होतं. खाटेवरचं पोरगं काय आहे ते त्यांना लखलखीत कळलं होतं, मला कळलं होतं त्याहूनही लवकर. आता म्हणतील, 'ऊठ, पेपर संपायला अजून वेळ आहे.' आता मला बरणीवरून बोलतील. मी मनात म्हटलं, बोला बाई, बोला.

ओठाचा कोपरा पुन्हा खाली आला. "तुम्ही म्हणाल तसं, सिस्टर," त्या म्हणाल्या.

"मी तुम्हाला विचारतेय, बाई. तुम्हाला काय वाटतं?"

"मला नाही आता ते कळत," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि पदर सावरून वर्गाकडं निघून गेल्या.

मी बरणी उघडून अवधूतला एक गोळी दिली. त्यानं ती घेतली, पण लगेच तोंडात टाकली नाही. तो उठून बसला होता आणि रिकाम्या दाराकडं बघत होता.

"सिस्टर," त्यानं विचारलं, "बाई मला न्यायला आल्या नव्हत्या?"

"नाही रे," मी म्हटलं. "झोप तू."

पेपर सुटेपर्यंत तो खाटेच्या कडेला बसून होता, गोळी मुठीत धरून.